राखणदार ते पोलीस ठाणं : मुलांना पोलिसांचा इतिहास कसा शिकवावा

"ओगी राव, ना जाल्यार पुलीस व्हरतलो." म्हणजे गप्प राहा, नाहीतर पोलीस नेईल. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला गोव्यातल्या घरोघरी हे वाक्य वापरलं जातं. आमच्याही घरी वापरलं जायचं. सासूबाई म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर घाईच्या वेळी मीही म्हणायचे. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझी सात वर्षांची लेक गर्दीत चुकली. पाचसात मिनिटांत सापडली, पण ती कुठे सापडली ते मी विसरू शकत नाही. केळ्यांच्या घडांच्या मागे ती अंग चोरून बसली होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर गणवेशातला पोलीस उभा होता. "त्याच्याकडे का नाही गेलीस गं बाय?" असं विचारल्यावर म्हणाली, "त्याने मला नेलं असतं."

त्या दिवसापासून ते वाक्य घरात बंद केलं. पण एक भीती काढून तिच्या जागी "पोलीसकाका आपले मित्र" एवढंच घोकून घेणंही मला पटेना. आजोबांच्या पिढीने गोव्यात जे पोलीस पाहिले, ते मित्र नव्हते. मुलाला दोन्ही कळायला हवं, आणि त्याला इतिहासच लागतो. पुढे जे लिहिते आहे ते दोन मुलांबरोबर घरी करून पाहिलेलं आहे. साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना जमेल. सहासात रविवार, एक वही आणि थोडी भटकंती एवढी तयारी पुरे.

वही आणि तीन प्रश्न

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा : हुकूम कोणाचा? राखण कोणाची? चुकला तर जाब कोण विचारणार? इतिहासात जो कोणी पहारेकरी, कोतवाल, शिपाई भेटेल त्याला हे तीनच प्रश्न विचारायचे. सनावळ्या मुलं विसरतात. हे प्रश्न विसरत नाहीत, कारण घरात, वर्गात, खेळाच्या मैदानावरही तेच उपयोगी पडतात. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. रिकाम्या रकान्यावरच सगळ्यांत चांगलं बोलणं होतं.

सुरुवात राखणदारापासून

लंडनपासून किंवा दिल्लीपासून सुरुवात करू नका. गोव्यातल्या मुलाला राखणदार ठाऊक असतो. गाव राखणारा अदृश्य रक्षक, वेशीवरचा, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा. त्याला वाहाणा वाहतात, कारण गाव फिरून फिरून त्या झिजतात. घोंगडी देतात, काठी देतात. मुलाला त्या जागी घेऊन जा आणि वाहिलेल्या वाहाणा दाखवा. मग वही उघडा. माझ्या लेकीने पहिल्या रकान्यात "देवाचा" लिहिलं, दुसऱ्यात "गावाची". तिसऱ्यापाशी पेन्सिल थांबली. "राखणदाराक कोण विचारतलो?" असं तिनेच मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही, रकाना रिकामा ठेवायला सांगितलं.

तिथून माणसांच्या राखणीकडे या. पोर्तुगीज १५१० मध्ये येण्याच्या आधीपासून इथली गावं गावकारीने चालत होती. जमीन, बांध, पाणी, देवळाचा खर्च आणि गावातले तंटे गावकार एकत्र बसून ठरवत. पोर्तुगीजांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. त्या नोंदीलाच फोराल म्हणतात. पण हे सांगताना गावकारीचं नुसतं कौतुक करू नका. गावकार म्हणजे ठराविक घराण्यांतले पुरुष. बायकांना आणि गावात राबणाऱ्या बाकीच्यांना त्या बैठकीत आवाज नव्हता. दुसऱ्या रकान्यात "गावाची" लिहिताना "गाव म्हणजे कोण?" हेही मुलाला विचारा.

नेवऱ्यांचा डबा

हा खेळ चुकवू नका. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मी नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा फळीवर ठेवला आणि लेकीला राखणदार नेमलं. नियम एकच : आरतीच्या आधी कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी डब्यात तीन कमी. तिने धाकट्यावर आळ घेतला. तो रडू लागला. मी दोघांनाही काही बोलले नाही, फक्त डबा खाली काढून झाकण उलटं केलं. झाकणाच्या कडेला साखरेची पिठी होती आणि तशीच पिठी राखणदाराच्या फ्रॉकच्या खिशाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "आता सांग, डबा राखायला माणूस नेमला की काम संपलं का?"

त्या रात्री तिने स्वतःच नियम लिहिले. राखणदाराने डबा एकट्याने उघडायचा नाही. आळ घेण्याआधी पुरावा दाखवायचा. ज्याच्यावर आळ आहे त्याला बोलू द्यायचं. राखणदाराबद्दल तक्रार असली तर आजीकडे जायचं, राखणदाराकडे नाही. पोलीस, न्यायालय आणि तक्रार ऐकणारी वेगळी यंत्रणा हे सगळं त्या चार ओळींत आलं होतं. पुढे प्रत्येक टप्प्यावर मी तिला हाच डबा आठवून देत असे.

जुना काळ, अर्ध्या रविवारात

इथे रेंगाळायचं कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची व्यवस्था पाहणारा नागरक आहे आणि त्याच्या हाताखालच्या गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची नोंद आहे. धर्मशाळेत कोण उतरलं ते कळवायचा नियमही त्यात आहे. हे गोव्यातल्या मुलाला चटकन कळतं, कारण हॉटेलात पाहुण्याचं ओळखपत्र घेताना त्याने पाहिलेलं असतं. पुढे मुघल आणि मराठी अमलात शहरात कोतवाल आला, गावात पाटील आणि रात्रीचा जागल्या. फौजदार, हवालदार, शिपाई हे शब्द फारसी वळणाचे आणि अजून आपल्या तोंडी आहेत. मुलाला त्यांची यादी करू द्या. शब्दही जुन्या वस्तूंसारखे सापडतात, आणि ते गोळा करायला मुलांना आवडतं.

दोन चित्रं : लंडन आणि सिंध

आजच्यासारखा पगारी, गणवेशातला पोलीस फार जुना नाही. पॅरिसमध्ये १६६७ साली पोलीसप्रमुखाचं पद निर्माण झालं आणि त्याच्या कामांत रस्त्यावरचे दिवे लावणंही होतं. पोर्तुगालात लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर, १७६० मध्ये, पोलिसांचं मुख्य कार्यालय स्थापन झालं. पण मुलाकडून काढून घ्यायची चित्रं दोनच.

पहिलं चित्र लंडनचं. सप्टेंबर १८२९ मध्ये रॉबर्ट पील या मंत्र्याने उभारलेले पोलीस रस्त्यावर आले. सैन्याचा कोट लाल होता, म्हणून यांना मुद्दाम निळा दिला. हातात बंदूक नाही, दंडुका. सैनिकासारखा दिसणारा माणूस गल्लीत फिरला तर लोक बिथरतील, ही त्यामागची समजूत होती. रॉबर्टवरून लोक त्यांना "बॉबी" म्हणू लागले.

दुसरं चित्र हिंदुस्थानचं. त्याच इंग्रजांनी इथे लंडनचा नमुना आणला नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस उभे केले. हत्यारबंद, बराकीत राहणारे, जिंकलेल्या प्रजेवर वचक ठेवणारे. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला तो याच वाटेने. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मुलाला वहीचे रकाने भरायला सांगा. एकाच राज्यकर्त्याने स्वतःच्या माणसांसाठी एक पोलीस केला आणि ताब्यातल्या माणसांसाठी दुसरा. हे मुलाच्या लक्षात आलं, तर त्याला या विषयाचा गाभा कळला असं मी मानते. खाकी रंगाची गोष्टही इथेच सांगा. खाक म्हणजे धूळ. सरहद्दीवरच्या इंग्रजांच्या एका पलटणीने १८४० च्या दशकात धुळीत मिसळून जावं म्हणून पांढरे कपडे रंगवले, आणि तोच रंग पुढे पोलिसांच्या अंगावर आला.

गोवा : इथे वेळ द्या

गोव्यात १८६१ चा कायदा नव्हता. इथे राज्य पोर्तुगीजांचं होतं. गावात रेजिदोर, तालुक्याला आदमिनिश्त्रादोर हे त्यांचे अधिकारी, आणि हुकूम लिस्बनचा. मुलाला घेऊन पणजीला जा. आझाद मैदानासमोर लांबच लांब इमारत आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लष्करी बराक म्हणून बांधलेली. आज तिच्यातच गोवा पोलिसांचं मुख्यालय आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनेझिस ब्रागांझा संस्था, जिच्या दारातल्या निळ्या फरश्यांवरची चित्रं मुलं बराच वेळ बघतात. मैदानात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कचा पुतळा होता. आता तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि इथे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. भिंती त्याच, खिडक्या त्याच. काय बदललं, ते तीन रकान्यांत लिहायला सांगा.

मग १८ जून १९४६ ची गोष्ट. सभा घेण्यावर बंदी होती, पाऊस होता, आणि मडगावला डॉ. राम मनोहर लोहिया बोलायला उभे राहिले. आदमिनिश्त्रादोर मिरांडाने पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला आणि बोलणं चालू ठेवलं. त्यांना आणि त्यांचे गोंयकार मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिसना पकडण्यात आलं. ही गोष्ट मडगावच्या लोहिया मैदानावर उभं राहूनच सांगा. सांगून झाल्यावर एकच प्रश्न करा : त्या दिवशी कायदा कोणी मोडला? माझ्या लेकीने आधी "लोहियांनी" म्हटलं, मग गप्प झाली, मग विचारलं, "पण तो कायदा कोणी केला होता?" तिथे मी थांबले. घरी येईपर्यंत तिला त्यावर विचार करू दिला.

यापुढचा भाग वयाप्रमाणे बेताने सांगा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची गुप्त पोलीस यंत्रणा 'पिदे' १९४५ मध्ये पोर्तुगालात उभी राहिली आणि तिचा हात गोव्यापर्यंत आला. छापायच्या मजकुराला सरकारची परवानगी लागे, अगदी लग्नपत्रिकेलासुद्धा. आठनऊ वर्षांच्या मुलाला लग्नपत्रिकेची गोष्ट पुरते. जुलूम म्हणजे काय ते त्याला तेवढ्याने कळतं. अकराबारा वर्षांच्या मुलाला मी अस्नोड्याच्या बाळा राया मापारींबद्दल सांगितलं. पोर्तुगीजांशी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा हा तरुण १९५५ मध्ये पोलिसांच्या कोठडीत छळाने मेला, पण त्याने साथीदारांची नावं दिली नाहीत. छळाचं वर्णन करू नका. कोठडी, मार, मौन, मृत्यू एवढं पुरे. मग नेवऱ्यांच्या डब्याकडे परत या. राखणदाराला विचारणारं कोणी नसलं की हे होतं.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले. पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीचं स्मारक महामार्गालगतच आहे. सावंतवाडीकडे जाताना दहा मिनिटं थांबा. तसाच एक दिवस अग्वादला द्या. हा किल्ला १६१२ चा. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि स्वातंत्र्यसैनिकांना तिथे डांबलं गेलं. आता तिथे संग्रहालय आहे. लेकीने कोठडीत शिरून दार ओढून घेतलं आणि पावलं टाकून खोली मोजली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

दोन माणसांबद्दल मात्र नक्की सांगा. मोहन रानडे मराठी शिकवायला गोव्यात आले आणि लढ्यात उतरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. मुलाला वजाबाकी करू द्या. दुसरे प्रभाकर सिनारी. आझाद गोमंतक दलात राहून पोर्तुगीज पोलिसांशी लढले आणि मुक्तीनंतर स्वतः पोलीस सेवेत गेले. आधी ठाण्यावर चाल करणारा आणि नंतर खाकी घालणारा हा एकच माणूस, हे ऐकल्यावर मुलं थबकतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा.

एक काळजी घ्या. पोर्तुगीजांच्या पोलिसांत गोंयकारही होते. तुमच्या वाड्यावर कोणाचे आजोबा त्या नोकरीत असतील. मुलाने शाळेत कोणाला चिडवावं म्हणून हा इतिहास सांगायचा नाही. पोटासाठी नोकरी करणारा शिपाई आणि छळ करणारा अधिकारी यांतला फरक शब्दांत सांगा.

शेवटी घरातल्या थोरांची मुलाखत. प्रश्न आधी लिहून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा, आणि मुलालाच विचारू द्या. माझ्या लेकीने सासूबाईंना विचारलं, "आजी, तू आम्हांला पुलीस व्हरतलो असं का म्हणायचीस?" सासूबाई पेडण्याच्या, पोर्तुगीज अमलात आठ वर्षांच्या होत्या. पाकले म्हणजे गोरे पोर्तुगीज. म्हणाल्या, "गावांत पाकले शिरले काय आमची आवय दाराक अडसर घालताली आनी आमकां कणगीफाटल्यान बसयताली. ओगी राव म्हणटाली. तेंच म्हज्या तोंडांत रावलां." लेकीने ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. इतकी वर्षं मी त्या वाक्याला नुसती वाईट सवय समजत होते.

शंख आणि चक्र

इतकं जड झाल्यावर एक रविवार हाताच्या कामाला द्या. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते, पण तिचं गणित बसवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस होते. ही दोन नावं मुलाला आवर्जून सांगा.

कृती सोपी आहे. कागदावर मऊ पेन्सिल गडद घासा, त्यावर बोट दाबा, बोटावर सेलोटेप चिकटवून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. शंख कोणते, चक्र कोणती, ते मोजा. मग स्टीलच्या पेल्यावर तेलकट बोटांचा ठसा उमटवून त्यावर मऊ ब्रशने टाल्कम पावडर फिरवा. पावडर कमी घ्या आणि ब्रश दाबू नका, नाहीतर ठसा पुसतो. नेवऱ्यांच्या झाकणावरही असाच ठसा मिळाला असता, हे लेकीने स्वतःहून ओळखलं.

ठाण्याला भेट

आधी जाऊन किंवा फोन करून वेळ ठरवा. सकाळी उशिरा बरं पडतं. चवथ, शिमगा, कार्निव्हल, निवडणूक असे दिवस टाळा, सगळे बंदोबस्तावर असतात. दोनतीन मुलं एकत्र न्या. आम्ही पहिल्यांदा एका ठाण्यात गेलो तेव्हा तासभर बसवून परत पाठवलं. मुलं हिरमुसली. दुसऱ्या वेळी लेखी विनंती नेली आणि सगळं नीट झालं.

बघायच्या गोष्टी : खांद्यावरची चिन्हं, तक्रारीची नोंद, बिनतारी संच, कॅमेरे. तीन तारे आणि लाल-निळी फीत असेल तर पी.आय., दोन तारे आणि फीत असेल तर पी.एस.आय., तीन तारे असून फीत नसेल तर डी.वाय.एस.पी. मुलं हे लगेच पाठ करतात. कोठडीत माणूस असेल तर तिकडे न्यायला नाही म्हणा. तो कोणाचा तरी बाप किंवा भाऊ असतो, बघायची वस्तू नाही.

निघण्याआधी घरी चार गोष्टी शिकवून ठेवा. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि बेडी घालता येत नाही. १५ वर्षांखालच्या मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. मुलांसाठी गोव्याचा स्वतःचा कायदा २००३ पासून आहे. संकटात ११२, मुलांसाठी १०९८. हे दोन आकडे वहीच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहा.

अवघड प्रश्न येणारच. "पोलीस लाच घेतात का?" याला "काही घेतात, तो गुन्हा आहे, आणि त्यांनाही अटक होते" हे सरळ उत्तर आहे. "आता कोठडीत मारत नाहीत ना?" याला खोटं "नाही" म्हणू नका. तो गुन्हा आहे, तरीही घडतो, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले आणि पुढे ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं, एवढं मुलाला पेलतं. १८६१ चा तो इंग्रजी कायदा मुक्तीनंतर गोव्यालाही लागू झाला, हेही तेव्हाच सांगा. दुसरं चित्र अजून पुरतं पुसलेलं नाही.

लेकीने ठाण्यातल्या साहेबांना तिसरा रकाना वाचून दाखवला : "तुम्ही चुकलात तर तुम्हांला जाब कोण विचारतं?" ते जरा थांबले, मग बोटांवर मोजून सांगितलं : वरचे अधिकारी, न्यायालय, मानवी हक्क आयोग आणि पणजीतलं पोलीस तक्रार प्राधिकरण. शेवटचं २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आलेलं. तिने चारही लिहून घेतले आणि म्हणाली, "राखणदाराच्या पानावर एकही नव्हता."

बाजारात परत

शेवटचा टप्पा पाच मिनिटांचा आहे. मुलाला गर्दीच्या ठिकाणी न्या, ड्युटीवरचा पोलीस दाखवा आणि काहीतरी साधं एकट्याने विचारून यायला सांगा. तुम्ही लांब पण दिसेल असे उभे राहा. आम्ही म्हापशालाच गेलो, शुक्रवारीच. ती केळ्यांच्या रांगेपाशी घुटमळली, एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुढे जाऊन विचारलं, "डिचोलेची कदंब बस खंय लागता?" त्याने वाकून हाताने दाखवलं. परत येऊन म्हणाली, "दोन फिती होत्या दंडावर. तीन असत्या तर हेड कॉन्स्टेबल."